डिस्कवर लिहिलं होतं ‘बॅकअप’

जूनचा दुसरा आठवडा. फोंड्यात पाऊस नुकता स्थिरावला होता. माझ्या संगणकाच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं तोच मास्तर पायरीवर उभे दिसले. छत्री मिटून त्यांनी कोपऱ्यात ठेवली, शबनममधून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून रुमालाची पुरचुंडी. पुरचुंडीत पंजाएवढी काळी पोर्टेबल हार्ड डिस्क. तिच्यावर पांढरी चिकटपट्टी, आणि पट्टीवर निळ्या मार्करनं लिहिलेलं ‘बॅकअप’. अक्षर माझं होतं. चार वर्षांपूर्वी ती डिस्क मीच त्यांना विकली होती आणि पट्टीही मीच लावून दिली होती.

“अरे, ही टक् टक् करते,” मास्तर म्हणाले. “सगळं हिच्यातच आहे. बघ काय होतं ते.”

मास्तरांनी मला तिसरी-चौथीला शिकवलं. त्यांच्या परवानगीनं हे प्रकरण लिहितोय. नाव आणि गाव त्यांच्या इच्छेप्रमाणे वगळलं आहे. फोंडा तालुक्यातलं एक गाव, एवढं पुरे. दुकानात वर्षाला पाचपन्नास बिघडलेल्या डिस्क येतात, त्यातल्या बहुतेकांत लग्नाचे फोटो आणि हिशेबाच्या फायली असतात. याच प्रकरणाबद्दल लिहायचं कारण असं, की इथे कुणीही निष्काळजी नव्हतं. मास्तर तर माझ्या ओळखीतले सगळ्यात टापटिपीचे गृहस्थ. तरीही चाळीस वर्षांचं काम शेवटी एका प्रतीवर येऊन ठेपलं, आणि त्या एका प्रतीला आम्ही सगळे ‘बॅकअप’ म्हणत राहिलो.

आत काय होतं

मास्तर देवळाच्या उत्सवात मराठी नाटकं बसवायचे, पायपेटीवर साथ करायचे. १९७९ साली त्यांनी एक कॅसेट रेकॉर्डर घेतला आणि पुढची वीस वर्षं तो जत्रेला, भजनाला, चतुर्थीच्या आरत्यांना बरोबर नेला. २४० कॅसेटी जमल्या. उत्सवी नाटकांतली पदं, गावातल्या बायकांच्या फुगड्या आणि सगळ्यात जास्त घुमट आरत्या.

या आरत्यांचं मोल वेगळं आहे. घुमट म्हणजे मातीचा घट, त्याच्या मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं. पूर्वी हे कातडं घोरपडीचं असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकरीचं कातडं वापरतात, आणि तसं वापरणंच योग्य. गोवा सरकारनं २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं, तेही नव्या कातड्याच्या घुमटाला धरूनच. पण मास्तरांच्या जुन्या कॅसेटींत गावातल्या म्हाताऱ्या घुमटांचा आवाज आहे. ती घुमटं फुटली, वाजवणारे गेले. तो आवाज आता कुणी नव्यानं रेकॉर्ड करू शकणार नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मास्तर आणि त्यांची मुलगी घरी अडकली. मुलीनं कॅसेट डेक लॅपटॉपला जोडला आणि दोघांनी एकेक बाजू लावून, पूर्ण ऐकून, संगणकात घेतली. घाई नव्हतीच, त्यामुळे त्यांनी कॉम्प्रेस न करता वेव्ह फाइल ठेवल्या. या फाइलींना तासाला साधारण ६३५ एमबी जागा लागते. सुमारे २९० तासांचे १८४ जीबी झाले. शिवाय नंतरच्या नाटकांच्या १२ मिनी डीव्ही, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याच्या, टेपा, तासाला १३ जीबीप्रमाणे आणखी १५६. एकूण ३४० जीबी. लॅपटॉपमध्ये फाइली साठवायची एसएसडी होती २५६ जीबीची. ती भरली तेव्हा मास्तर दुकानात आले. मी १ टीबीची डिस्क दिली, पट्टी लावली आणि म्हणालो, “झालेलं काम हिच्यात टाकत चला, लॅपटॉप मोकळा राहील.”

माझं हे वाक्य चुकीचं होतं, हे आज नीट दिसतं. मास्तर माझ्या शब्दाप्रमाणे दर आठवड्याला झालेलं काम डिस्कवर न्यायचे, वाजवून खात्री करायचे आणि लॅपटॉपमधून पुसायचे. म्हणजे पहिल्या आठवड्यापासूनच दुसरी प्रत नव्हती. होत्या त्या कॅसेटी. त्या गोणत्यात भरून माळ्यावर गेल्या. दोन पावसाळ्यांनी त्यांच्यावर पांढरी बुरशी चढली, काहींच्या फिती एकमेकींना चिकटल्या. २०२२ च्या दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारात गेल्या. “बॅकअप आहेच” असं म्हणूनच घरच्यांनी त्या दिल्या.

तीन आठवडे

डिस्क एका दिवसात गेली नव्हती. मी मास्तरांना आठवायला लावलं तेव्हा मे महिन्यापासूनचा क्रम निघाला.

आधी एक फोल्डर उघडायला वेळ लागू लागला. मग एका आरतीत दरवेळी त्याच जागी गाणं अडखळायचं, दोनतीन सेकंद थांबून पुढे जायचं. मास्तरांना वाटलं मूळ कॅसेटचा दोष. मग जावयानं डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला लावली तेव्हा विंडोजनं विचारलं, ड्राइव्हमध्ये अडचण आहे, स्कॅन करून दुरुस्त करू का? त्यानं हो म्हटलं आणि रात्रभर चेकडिस्क चालू ठेवलं. पहाटे विजा झाल्या, वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली. सकाळी जोडल्यावर टक् टक्.

जावई आजही स्वतःला दोष देतो. त्याला मी सांगितलं तेच इथे सांगतो. संगणकानं दुरुस्ती करू का विचारलं तर कुणीही हो म्हणेल. पण चेकडिस्कचं काम फाइल वाचवणं हे नाही. डिस्कवरच्या नोंदवहीचा मेळ बसवणं, एवढंच त्याचं काम. जी नोंद वाचता येत नाही ती ते काढून टाकतं किंवा बदलतं, आणि त्यासाठी सगळी डिस्क पिंजून काढतं. डिस्क तंदुरुस्त असेल आणि फक्त वही विस्कटली असेल तर हा उपाय चांगला. डिस्कच थकली असेल तर रात्रभर आजारी माणसाला पळवण्यासारखं.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी बरोबर केली. शेजारच्या मुलानं डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं, मास्तरांनी ठेवली नाही. फ्रीजरचा हा तोडगा अजून लोक सांगतात. गोव्याच्या जूनमध्ये थंडगार धातू बाहेर काढला की मिनिटभरात त्यावर पाण्याचे थेंब जमतात. डिस्कला हवेचा दाब सारखा राखण्यासाठी गाळणी लावलेलं बारीक भोक असतं, म्हणजे दमट हवा आतही पोचते. तबकडीवर थेंब धरले तर पुढे काही करायलाच नको.

टेबलावर

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या तबकड्या असतात. या डिस्कमध्ये दोन. मिनिटाला ५४००, म्हणजे सेकंदाला ९० फेरे. त्यांच्या दोन्ही बाजूंवर चार हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतात. आपला केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, त्यावरून कल्पना करा. धुळीचा कण त्या फटीपुढे डोंगर आहे. म्हणून दुकानात किंवा घरी डिस्कचं झाकण उघडून बघायचं नसतं. टक् टक् हा आवाज बहुतेक वेळा हेडला आपली जागा सापडत नाही, ते परत मागे येतं आणि पुन्हा शोधतं, याचा असतो.

मी बाहेरचा प्लास्टिकचा खोका काढला. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट मुख्य बोर्डावरच असतं, तेव्हा काम अवघड होतं. इथे सुदैवानं वेगळी छोटी पट्टी होती आणि आत संगणकाला थेट जोडता येणारी साधी साटा डिस्क. बोर्ड उलटा केला तर हेडकडे जाणाऱ्या संपर्कबिंदूंवर हिरवट-काळे डाग. आमच्या पट्ट्यात हे नेहमीचं. चार पावसाळे खिडकीजवळच्या उघड्या फडताळात काढले की असं होतंच. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ते डाग साफ केले. बोर्ड बदलायचा विचार केला नाही. आताच्या डिस्कमध्ये त्या विशिष्ट तबकड्यांची आणि हेडची मापं बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असतात, दुसऱ्याच डिस्कचा बोर्ड चढवला तर ती मापं जुळत नाहीत.

साटाला जोडून चालू केली. एकदा टक् झालं, मग डिस्क स्थिर फिरायला लागली आणि संगणकाला दिसली.

आधी स्मार्टचे आकडे वाचले. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅमनं कुणालाही पाहता येते. तीन ओळी मी पहिल्यांदा बघतो. क्रमांक ५ वर, खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे बारीक कप्पे. १९७ वर, वाचता येत नाहीत पण अजून निर्णय झालेला नाही असे. १९९ वर केबलमधल्या चुका. इथे १९९ शून्य होतं, म्हणजे केबल निर्दोष. ५ आणि १९७ दोन्ही हजाराच्या पुढे. मे महिन्यात ती आरती पहिल्यांदा अडखळली तेव्हा हे आकडे कुणी बघितले असते तर संध्याकाळच्या आत सगळी कॉपी झाली असती.

पण स्मार्टवर भार टाकून बसणंही धोक्याचं आहे. गूगलनं २००७ साली आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी कुठल्याच ओळीत धोक्याची खूण दाखवली नव्हती. आकडा वाईट असला तर विश्वास ठेवावा. चांगला असला म्हणून निर्धास्त राहू नये.

इथे निर्णयाची वेळ आली, आणि माझा निर्णय बरोबर होता का याबद्दल मला अजून शंका आहे. डिस्क लगेच बंद करून प्रयोगशाळेत पाठवायची, की फिरतेय तोवर मिळेल तेवढं काढून घ्यायचं? प्रयोगशाळेचा खर्च मास्तरांना जड होता. मी काढून घ्यायला सुरुवात केली.

लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. ते फाइल कॉपी करत नाही, डिस्कची सेक्टरमागून सेक्टर जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवतं. अडलं तिथे हट्ट करत नाही, उडी मारून पुढे जातं. कुठला भाग मिळाला आणि कुठला राहिला, त्याची नोंद एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबलं तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. विंडोजमध्ये नेहमीची कॉपी लावली तर एका खराब सेक्टरवर ती तासभर डोकं आपटत राहते आणि दुबळं हेड तेवढ्यात संपतं.

मी आधी विंडोजची फाइलींची नोंदवही असते तो भाग उतरवला. त्यावरून डिस्कच्या कुठल्या जागेत खरंच माल आहे ते कळलं, मग फक्त तेवढ्याच जागा वाचायला सांगितल्या. १ टीबीपैकी दोनतृतीयांश जागा रिकामी होती, ती वाचण्यात हेड का झिजवायचं? डिस्कवर छोटा पंखा लावला, संगणक यूपीएसवर, यूपीएस इन्व्हर्टरवर. बाहेर पाऊस कोसळत होता आणि दोन दिवसांत सात वेळा वीज गेली. डिस्क एकदाही बंद पडू दिली नाही, कारण बंद होऊन पुन्हा चालू होणं हाच अशा डिस्कचा सगळ्यात कठीण क्षण असतो. पहिली रात्र मी दुकानातच काढली.

दुसऱ्या संध्याकाळी डीडीरेस्क्यूच्या त्या नोंदीच्या नकाशात चित्र स्पष्ट झालं. मिळालेल्या भागांत ठरावीक अंतरानं न मिळालेले पट्टे, साडीच्या काठासारखे. चारपैकी तीन हेड ठीक, चौथं गेलेलं. ३४० पैकी २६२ जीबी स्वच्छ मिळाले होते. उरलेले ७८ चौथ्या हेडच्या वाट्याचे. मी त्या पट्ट्यांत एक प्रयत्न केला, आणि पुन्हा टक् टक्. तिथेच वीज काढली.

मास्तरांना फोन केला. “तीन भाग आले मास्तर, एक भाग राहिला. पुढचं मी करू शकत नाही.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “राहिलेल्या भागात काय काय आहे?”

तेच तर सांगता येत नव्हतं. हेड दर थोड्या अंतरानं बदलतं, त्यामुळे एक तासाची फाइल चारही हेडच्या वाट्याला येते. जवळजवळ प्रत्येक आरतीचा काही तुकडा त्या ७८ जीबीत होता.

मुंबईची फेरी

डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, फोमच्या डब्यात बसवून मास्तरांचा पुतण्या कोकण रेल्वेनं मुंबईला घेऊन गेला. कुरिअरनं पाठवायला माझं मन धजेना. तिथल्या प्रयोगशाळेत धूळमुक्त जागेत डिस्क उघडतात, तंतोतंत त्याच बनावटीची दुसरी डिस्क शोधून तिचा हेडचा संच काढून हिच्यात बसवतात आणि पुन्हा वाचतात. खर्च झाला त्यात तशा सहा नव्या डिस्क आल्या असत्या. मुलीनं आणि पुतण्यानं तो वाटून घेतला.

तिथल्या माणसानं मला फोनवर सौम्यपणे सांगितलं, की शेवटचा तो प्रयत्न केला नसता तर बरं झालं असतं, तबकडीवर एका जागी हलका ओरखडा दिसतोय. तो ओरखडा माझ्यामुळे पडला की त्या चेकडिस्कच्या रात्री, हे कधीच कळणार नाही. पण आज अशी डिस्क आली तर टक् ऐकल्याबरोबर मी वीज काढतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, आतल्या मालाची तुम्हाला किती किंमत आहे? किंमत मोठी असेल तर माझ्या टेबलावर ती डिस्क दुसऱ्यांदा फिरत नाही.

सव्वा महिन्यानं ७८ पैकी ७१ जीबी आले. सात गेले ते गेले.

इथे मास्तरांनी जागेची काटकसर केली नव्हती त्याचं फळ मिळालं. वेव्ह फाइलमध्ये आवाज सरळ एकामागून एक मांडलेला असतो. ४ केबीचा एक तुकडा गेला तर सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग गेला, कानाला जेमतेम एक ‘टिक्’. डीव्ही व्हिडिओतही प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, एखादी फ्रेम चौकोनी होऊन फुटते आणि पुढची नीट येते. त्यामुळे सात जीबी जाऊनही नाटकं आणि बहुतेक आरत्या ऐकण्यासारख्या राहिल्या. ओरखड्याखाली सापडलेल्या अकरा बाजू मात्र पूर्ण गेल्या. त्यातल्या तीन नंतर एका गायकाच्या नातवाकडे पेनड्राइव्हवर मिळाल्या, त्याच्या लग्नात मास्तरांनी भेट म्हणून दिल्या होत्या. मास्तरांनी प्रेमानं वाटलेली ती प्रत आमच्या बॅकअपपेक्षा जास्त टिकली.

जे खरंच गेलं

आवाज आला, पण यादी गेली.

कॅसेट क्रमांक, बाजू, गाव, तिथी, गाणाऱ्याचं नाव, घुमटावर कोण, शामेळावर (घुमटाच्या साथीचं चर्मवाद्य) कोण, हे सगळं मास्तरांनी एका एक्सेल फाइलमध्ये चार महिने खपून भरलं होतं. ७२ केबीची फाइल. ३४० जीबीत ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. चार-चार केबीच्या अठरा तुकड्यांपैकी अकरा कोरे आले. वेव्ह फाइलसारखं इथे चालत नाही. आजची एक्सेल फाइल म्हणजे आतून झिप असते, सगळं घट्ट दाबून बांधलेलं, मधला तुकडा गेला की पुढचं उलगडत नाही. मी जमेल तेवढे उपाय केले. पहिल्या चाळीसेक ओळींचा चुरा हाती लागला.

फाइलींची नावं फक्त क्रमांक होती, ‘क०४७-अ’ अशी. कॅसेटीबरोबरची हातानं लिहिलेली कार्डं कॅसेटींबरोबरच भंगारात गेली होती. यादी कधी कुणाला मेल केलेली नाही, कधी छापलेली नाही. आवाज होते, पण कुणाचे ते सांगणारा कागद नव्हता.

मास्तर त्या दिवशी दुकानात खुर्चीत बसले ते तासभर बोललेच नाहीत. मी चहा मागवला, तो तसाच राहिला. मग उठले आणि म्हणाले, “मी आहे अजून. आणि वाड्यावरची चार म्हातारी माणसं आहेत. ऐकू आम्ही.”

श्रावणात दर रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर बैठक भरू लागली. मुलगी लॅपटॉप आणि स्पीकर लावायची, मास्तर वही घेऊन बसायचे. मी दोनदा गेलो. एका आरतीच्या दुसऱ्या कडव्याला ऐंशीच्या घरातल्या एक आजी एकदम उठून बसल्या, “अगो, हो तर दादालो आवाज!” त्यांचा थोरला भाऊ १९८४ साली गेला होता. चाळीस वर्षांनी त्यांनी त्याला ऐकलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि वहीत लिहिलं.

आता काय केलंय

पुढची सगळी व्यवस्था मास्तरांच्या घराला झेपेल अशीच करायची होती. कागदावर सुंदर आणि घरात कुणी न पाळणारी योजना मी बऱ्याच जणांना देऊन चुकलोय.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी लोकांत रुजवला. छायाचित्रकाराकडून तो आला हे मला पटतं, ज्याचं काम पुन्हा करता येत नाही त्यालाच असं सुचतं. मास्तरांसाठी आम्ही तो असा बसवला. दोन नव्या डिस्क, मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोघींत नको. एक मास्तरांकडे, दुसरी मुलीकडे पणजीला. चतुर्थीला मुलगी माहेरी येते तेव्हा आपली डिस्क घेऊन येते, दोन्ही जुळवतात आणि अदलाबदल करून परत जाते. तेच शिगम्याला. कॅलेंडरवर खूण करायची गरज नाही, चतुर्थी कुणी विसरत नाही.

तिसरी प्रत क्लाउडवर. आवाजाच्या फाइली आधी फ्लॅकमध्ये बदलल्या. यात आवाज तसूभरही कमी होत नाही, जागा मात्र १८४ जीबीवरून ११० वर आली. २० एमबीपीएसच्या अपलोडला हिशेबानं बारा तास पुरेत. प्रत्यक्षात पावसात लाइन तुटत राहिली आणि नऊ रात्री लागल्या. व्हिडिओ क्लाउडवर घातले नाहीत, महिन्याचं भाडं वाढलं असतं. त्यांच्यासाठी तिसरी एक जुनी डिस्क माझ्या दुकानात आहे. हे नियमात पूर्ण बसत नाही, पण चालतंय.

क्लाउडबद्दल एक गोष्ट मी जावयाला दोनदा समजावली. संगणकातलं फोल्डर आपोआप जुळवणारी सोय म्हणजे बॅकअप नाही. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, इकडे व्हायरसनं फाइल कुलूपबंद केली की तीच कुलूपबंद फाइल वर चढते. म्हणून जुन्या आवृत्त्या ठेवणारी सोय चालू केली, आणि घरातल्या डिस्क कायम जोडलेल्या ठेवायच्या नाहीत असं ठरवलं. काम झालं की काढून ठेवायच्या. मे आणि ऑक्टोबरातल्या विजांच्या कडकडाटातही याचाच उपयोग होतो.

डिस्क आता फडताळात नसते. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असते. पुडी रंग बदलते ती घ्यायची, म्हणजे ओलावा भरला की दिसतं. मास्तरांनी डबा देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवलाय. समईपासून लांब ठेवा एवढंच मी सांगितलं.

प्रत आहे पण ती वाजते का, हे तपासायची सवय मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि सगळ्यात कमी लोक ती लावून घेतात. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा ठसा आतच नोंदलेला असतो, एका आज्ञेत सगळ्या फाइली तपासता येतात आणि कुठली बिघडली ते कळतं. व्हिडिओंसाठी तशाच ठशांची वेगळी यादी करून दिली. शिवाय दर चतुर्थीला मुलगी तिच्या डिस्कवरच्या कुठल्याही पाच आरत्या लावते आणि मास्तर डोळे मिटून ऐकतात. गेल्या खेपेला एका फाइलचा ठसा जुळला नाही, दुसऱ्या प्रतीवरून ती बदलली. दोन मिनिटांचं काम झालं.

आणि यादी. ती आता साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहे, जी कुठल्याही संगणकावर पन्नास वर्षांनीही उघडावी. प्रत्येक फ्लॅक फाइलच्या आत गाणाऱ्याचं नाव आणि गाव लिहिलंय, फाइलच्या नावातही. शिवाय छापून तीन प्रती: घरी, मुलीकडे आणि देवळाच्या कार्यालयात. ७२ केबीची ती फाइल दोन पैशांच्या कागदावर कधी उतरवली नाही, याची हळहळ मास्तरांना ओरखड्यापेक्षा जास्त आहे.

दुकानात मी एक गोष्ट बदलली. पोर्टेबल डिस्क मागणाऱ्याला विचारतो, हिच्यात घातल्यावर मूळ जागी ठेवणार की पुसणार? पुसणार म्हणाला तर दोन घ्यायला सांगतो. काही जण समजतात मी विक्री वाढवतोय. समजू देत. एकच घेणाऱ्याच्या डिस्कवर मी पट्टी लावतो, आणि तिच्यावर ‘मूळ प्रत’ असं लिहितो.

मास्तरांच्या यादीत आज ४८० बाजूंपैकी ४३१ पुढे नावं आहेत. आठ बाजू कायमच्या गेल्या. उरलेल्या ४१ पुढे मास्तरांनी पेन्सिलीनं ‘आवाज अनोळखी’ लिहिलंय. ओळखणाऱ्या चौघांपैकी दोघं या वर्षात गेली. रविवारची बैठक अजून भरते. परवा मास्तरांचा फोन आला, क०४७-अ मधल्या घुमटवाल्याचा धाकटा भाऊ सावर्ड्याला असतो म्हणे, रविवारी गाडी मिळेल का?